मालिकेतल्या खुर्चीला पाखाडी लागत नाही

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते: मालिकेत कुणी चाकाच्या खुर्चीत बसलेला दिसला की आमच्या घरात पैज लागते, हा उभा कधी राहणार, गणपतीत की दिवाळीत. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी रेशनकार्ड, सातबारा आणि सुनांच्या तक्रारी सगळं बाजूला ठेवलंय.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. 1978 साली, दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक, त्याला कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायचा आधार, काखेत एक कुबडी. दापोलीत तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. घर हर्णैच्या अंगाला, उतारावर. रस्त्यापासून चिऱ्याच्या 39 पायऱ्यांची पाखाडी उतरली की आमचं अंगण. चौथीपर्यंत आईने मला कडेवर घेऊन ती रोज चढली. टीव्ही रोज साडेसात ते साडेनऊ, आईबरोबरच. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. सासूबाई रोज रात्री मालिका लावतात. गेल्या आठवड्यात मालिकेतल्या दुष्ट जावेला गाडीने उडवलं, ती कमरेखाली लुळी पडली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, केलेलं इथंच फेडायला लागतं." मुलगा शेजारी बसला होता. रात्री झोपताना मला विचारतो, "आई, मी काय केलेलं?" काय सांगू त्याला? – एक आई, वेंगुर्ले

तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि थोडा वेळ तशीच बसले.

आधी मुलाचं. "काही नाही केलंस रे बाळा" म्हणून नुसतं जवळ घेऊ नका. म्हणजे घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. पोराला कारण हवं असतं. ते मिळालं नाही की ते स्वतःच एक तयार करतं, आणि ते कारण हमखास त्याच्याच अंगावर येतं. डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलं असेल ते त्याच्या भाषेत सांगा: मेंदूकडून स्नायूंना निरोप जातो, तो वाटेत अडखळतो, म्हणून पाय ऐकत नाही. मला आईने एवढंच सांगितलं होतं, "तापाचा जंतू होता गो, पाण्यातून आला. वरच्या वाडीतल्या दोघांना पण आला." त्या दोघांचा मला केवढा आधार वाटला! तिघांनी मिळून पाप करणं शक्यच नव्हतं, आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो.

आता मालिकेचं. हे आजचं नाही. 1988च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते. वाडीत एकच टीव्ही, आणि रविवारी सकाळी त्या घराच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. गुफी पेंटल यांचा शकुनी एक डोळा बारीक करून लंगडत यायचा. काम असं जबरदस्त की मीसुद्धा डोळे फाडून बघायचे. सोमवारी शाळेत चार पोरं माझ्यामागून एक डोळा मिटून लंगडत चालायची. पुढे मोठेपणी मी शोधलं, व्यासांनी शकुनीला लंगडा म्हटलेलं मला काही सापडलं नाही. पण कपट मनात असतं, ते कॅमेऱ्याला दिसत नाही, पाय दिसतो.

त्याच्या आदल्या वर्षी 'रामायण'मध्ये मंथरा होती, ललिता पवार. या येवल्याच्या बाई एके काळी नायिका होत्या. 1942 साली एका चित्रीकरणात थप्पड मारायचा प्रसंग होता आणि ती थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार वर्षानुवर्षं चालले, डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे तोच डोळा खाष्ट सासूचा डोळा म्हणून देशभर ओळखला गेला आणि शेवटी मंथरेपर्यंत पोचला. मार लागला तो बाईला, आणि दुष्ट दिसली तीही बाईच. हे मला कळलं तेव्हा मी पस्तिशीत होते, आणि त्या दिवशी मंथरेला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

तेव्हा वाईट माणूस मुळातच वाकडा असायचा. आता तो शेवटी वाकडा होतो, फरक एवढाच. खलनायिकेला शिक्षा म्हणून खुर्ची, नायिकेला परीक्षा म्हणून आंधळेपण. नायिका परीक्षा पास झाली की महाएपिसोडला डोळ्यांवरची पट्टी सुटते आणि समोर पहिला चेहरा नवऱ्याचा. शिक्षाही नाही नि परीक्षाही नाही, सकाळी उठून कॅलिपरचे पट्टे आवळून कामाला जातो, असा एकही माणूस त्या बंगल्यांत राहत नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्या जन्मभर हेच ऐकत आल्यात. त्यांना कूर्मदासाची गोष्ट सांगायला लावा, मुलाला मांडीवर घेऊन. त्यांना ती येत असणारच. पैठणचा कूर्मदास, हातपाय नाहीत, सरपटत पंढरीला निघाला. लऊळपर्यंत आला, एकादशी तोंडावर आली आणि पुढे जाणं होईना. तेव्हा विठोबाच उठून लऊळला आला. माढा तालुक्यात तिथे त्याचं देऊळ आहे. आमच्याकडे शिमग्यानंतर कीर्तनाला येणारे बुवा ही गोष्ट रंगवून सांगायचे, पण देवाने कूर्मदासाला हातपाय दिले असं ते कधी म्हणाले नाहीत. त्याने काय पाप केलेलं, हेही देवाने विचारलं नाही. देव चालत आला, बस्स. तुमच्या मुलाला ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकू दे. तुमच्या तोंडून नको, तुम्ही आई आहात, तुम्ही त्याची बाजू घेणारच हे त्याला ठाऊक आहे.

प्रश्न : सासरे 71 वर्षांचे. सगळं आयुष्य ट्रॉलरवर इंजिनाशेजारी गेलं, आता ऐकू येत नाही. टीव्ही इतका मोठा लावतात की खालच्या आळीतल्यांना मालिका कळते. बातम्यांत कोपऱ्यात हातवारे करणारी बाई दिसते, ते त्यांना समजत नाही म्हणून चिडतात. उपाय? – एक सून, श्रीवर्धन

ती बाई हातवारे करत नाही, ती भारतीय सांकेतिक भाषेत बोलते. ती वेगळी भाषा आहे, शिकावी लागते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पुष्कळांची ती मायबोलीच असते. म्हातारपणी कान गेलेल्या माणसाला ती कशी यावी? त्यांना अक्षरं हवीत. सासरे वाचू शकत असतील तर रिमोटवर सबटायटलचं बटण शोधा, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये तीच मालिका असेल तर तिथेही बघा. मराठी मालिकेला खाली मराठी ओळी मिळणं अजून नशिबाचा भाग आहे. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने 2019 साली वाहिन्यांसाठी मानकं काढली, टप्प्याटप्प्याने सांकेतिक भाषा किंवा खाली ओळी द्या म्हणून. त्याच्या आधीपासून दूरदर्शनवर 'रंगोली'त गाण्यांचे शब्द खाली यायचे, आठवतंय? ती कल्पना अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींची, आणि ती होती लोकांना वाचनाची सवय लागावी म्हणून. बहिऱ्या माणसांना ती आपोआप उपयोगी पडली.

तोवर बिनवायरचा हेडफोन आणा, आवाज त्यांच्या कानापुरता राहील. आणि एकदा कान तपासून घ्या. इंजिनाने गेलेले कान परत येत नाहीत, पण यंत्राने थोडं सावरतं.

प्रश्न : ताई, तुमची दृष्टी नेहमी कडूच का? परवा नाचाच्या स्पर्धेत एका पायावर नाचणारा मुलगा पाहून आमचं सगळं घर रडलं. नातवाने दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता अभ्यास केला. यात वाईट काय? – निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

सर, नातवाने अभ्यास केला हे उत्तमच. किती दिवस केला, तेही कळवा.

तो मुलगा छान नाचला असणार. पण तुम्हाला आठवतंय काय, त्याचा नाच की त्याच्या आईचे डोळे? त्याची गिरकी कशी होती, ताल कुठे धरला, कुठे सुटला? परीक्षकांनी काही चूक दाखवली? नसेलच. इतर पोरांच्या चुका काढतात, याच्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवतात. मी नाचणारी असते तर मला त्या टाळ्यांचा राग आला असता.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आठवडाभर आधी एका वाहिनीची माणसं आली. पोरगे सभ्य होते, चहाला नाही म्हणाले नाहीत. त्यांना पाखाडी फार आवडली. मला ती तीनदा चढायला लावली. कॅमेरा खाली, कुबडीच्या टोकाशी. दुसऱ्या वेळी म्हणाले, "ताई, जरा थांबत थांबत या, दम लागल्यासारखं." मी म्हटलं, "मला नाही लागत दम. चार मिनिटांत चढते मी, सुटे पैसे मोजत." तर म्हणे, नुसतं दाखवायला. मी दाखवलं. आजही त्याची लाज वाटते.

मग विचारलं, "कधी रडलात का?" मी खरं तेच सांगितलं, की ऐन मार्चअखेरीला कॅलिपरचा सांधा तुटला, इथे दुरुस्त करणारा कुणी नाही, मुंबईला पाठवून परत येईपर्यंत दुकान बंद, तेव्हा रडले. ते त्यांनी घेतलं नाही. दुकानात चला म्हटलं, मिनिटाला 40 शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे, दाखवते. "वेळ कमी आहे ताई." मी आतापर्यंत किती जणांचे दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज भरून दिलेत, सवलतींसाठी लागणाऱ्या 40 टक्क्यांना एक टक्का कमी पडला की माणसाचं काय होतं, हे सगळं मला सांगायचं होतं. ते ऐकायला कुणी आलेलंच नव्हतं.

प्रसारण झालं तेव्हा मी पावणेदोन मिनिटं होते. त्यातली दीड मिनिटं पाखाडी. मागे बासरी, आणि एक भारदस्त आवाज, पायाने साथ सोडली पण जिद्दीने नाही वगैरे. आईला मधुमेहाने आता जवळजवळ दिसत नाही, ती टीव्ही ऐकते. ती म्हणाली, "कोण गेलं गो? बासरी वाजवतायत."

तेव्हा सर, रडू नका असं मी म्हणत नाही. पण माझ्या पायाचा काढा करून तुम्ही प्यायलात तर गुण तुम्हाला येतो, माझा पाय आहे तसाच राहतो. याउलट 2021 साली आग्र्याच्या शिक्षिका हिमानी बुंदेला 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. त्यांना दिसत नाही. तिथेही करुण कहाणी झालीच, ती टीव्हीला चुकत नाही. पण खुर्चीवर बसल्यावर प्रश्न आला की उत्तर त्यांनाच द्यायचं होतं, आणि आम्ही घरात बसून "बी, बी!" म्हणून ओरडत होतो आणि चुकत होतो. त्या रात्री मी एका हुशार बाईचा हेवा केला. तुमच्या नातवाला तो भाग दाखवा.

प्रश्न : एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमाच्या निवडीसाठी आम्ही स्किट बसवतोय. मी अंध गाववाला करतोय. दिग्दर्शक म्हणतो, चाचपडत पड, लोक हसले पाहिजेत. मैत्रीण म्हणते, हा गुन्हा आहे. कोण बरोबर? आणि 'आंधळा' म्हणायचं की 'दिव्यांग'? – कॉलेजचा विद्यार्थी, मालवण

दोघंही अर्धे. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 सालचा. त्याच्या कलम 92 मध्ये, दिव्यांग माणसाला चारचौघांत मुद्दाम हिणवणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्किटमध्ये पडलास म्हणून कुणी तुला आत टाकणार नाही. पण 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या अपंगांविषयी एक निकाल दिला, तो वाचून घे. एका हिंदी चित्रपटातल्या थट्टेवरून प्रकरण गेलं होतं. न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले: अपंगत्वाकडे बघायची आपली नजर बदलणारा एक, आणि अपंगाला खाली पाडणारा दुसरा. आणि सांगितलं की लिहायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारा.

माझ्या दुकानाशेजारी वजनकाटा घेऊन एक अंध गृहस्थ बसतात. 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. रात्री माणसं स्वतःच्याच अंगणात माडाच्या झावळ्यांना अडखळून पडत होती, आणि हे आपले काठी घेऊन सरळ विहिरीवर जाऊन येत होते. आम्हाला म्हणाले, "या, या, आता कळलं ना? सवय करा." आम्ही पोट धरून हसलो. विनोद आंधळेपणाचाच होता, पण पडत होते डोळसच. दिग्दर्शकाला विचार, हे चालेल का.

आणि चाचपडत चेहरे ओळखणं बंद कर. हे गृहस्थ मला कुबडीच्या आवाजाने ओळखतात, पोस्टमनला चपलेवरून, आणि दहाची नोट वीसची म्हणून देणाऱ्याला त्याच्या गप्प बसण्यावरून. दोन दिवस अशा माणसाशेजारी बस, स्किट आपोआप लिहून होईल.

शब्दाचं म्हणशील तर अर्जावर मी 'दिव्यांग' लिहिते, पंतप्रधानांनी 2015च्या शेवटी तो शब्द सुचवल्यापासून सरकारी कागदावर तोच चालतो. बोलताना मी 'अपंग' म्हणते, माझ्यात दिव्य काही नाही. 'लंगडी' फक्त माझी आई म्हणू शकते आणि मी. पात्राच्या तोंडी कुठला शब्द शोभतो ते पात्रावर आहे. निवेदकाच्या तोंडी 'आंधळा' नको.

जाता जाता: कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. टीव्हीला चारच येतात, आंधळा, मुका, खुर्चीवाला आणि येडा. येड्यांत एक पांडू मात्र मला मनापासून आवडला, 'रात्रीस खेळ चाले'तला, "इसारलंय" म्हणणारा. संवाद लिहिणाऱ्यानेच ते काम केलं होतं. त्याला हसलो आम्ही भरपूर. पण तो त्या नाईकांच्या घरातला होता, त्याला कामं सांगत, शिव्या घालत, जेवायला वाढत. कुणी त्याला बरा करायला निघालं नाही. आमच्या कोकणात अशी माणसं अशीच असतात, घराच्या एका कोपऱ्यात पण घरातच.

प्रश्न : खरे अपंग कलाकार मालिकेत का नसतात? – एक वाचक, अलिबाग

असतात, आपल्याला कळत नाही. सुधा चंद्रन यांचा उजवा पाय 1981च्या अपघातानंतर गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण 2001 साली सुरू झालेल्या 'कहीं किसी रोज'मधली रमोला सिकंद आठवा. कपाळावर रोज नवी टिकली, भुवई उंचावून सगळ्या घराला नाचवणारी. वाईट बाई, श्रीमंत बाई, आणि पायाचा कुठे उल्लेखही नाही! शकुनीचा सूड मला तेव्हा मिळाला. कृत्रिम पाय असलेली नटी दुष्टपणा करते, आणि त्या दुष्टपणाचा पायाशी काडीचा संबंध नाही. अशी दुसरी मला अजून सापडायची आहे.

प्रश्न : एवढा राग आहे तर मालिका बघता कशाला? – नाव नको, चिपळूण

आईसाठी. सांगितलं ना, तिला दिसत नाही. ती ऐकते आणि मी मधे मधे सांगत जाते: आता जांभळी साडी आली, आता मोठा दीर दारात उभा आहे, आता कुणीच बोलत नाही, नुसते एकमेकांकडे बघतायत. हे शेवटचं मला फार वेळा सांगावं लागतं.

सध्या जी चालू आहे तिच्यात नायक खुर्चीत आहे. पैज लागलीय, आई म्हणते दसऱ्याला उठेल, मी म्हणते टीआरपी पडला की. परवा तो खाली दिवाणखान्यात आईशी भांडला, जाहिराती झाल्या, आणि मग वरच्या मजल्यावर बायकोच्या खोलीत होता, त्याच खुर्चीत. मी तसं आईला सांगितलं. ती सुपारी कातरायची थांबली.

"वर कसा गेला गो तो?"

मी म्हटलं, "ब्रेकमध्ये."